तक्रार करणाऱ्याचे शिक्षण थांबता कामा नये
(महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची सुरक्षितता आणि गुन्हेप्रतिबंध या विषयावरील भाषण)

सोलापूर जिल्ह्यातील अकरा तालुक्यांसाठी २००४ साली स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. एकाच जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेले हे विद्यापीठ आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने कार्य करीत आहे. दयानंद आणि संगमेश्वर यांसारखी महाविद्यालये या शहरात स्वातंत्र्याच्या आगेमागे उभी राहिली. सकाळच्या पहिल्या एस. टी.ने शहरात येणाऱ्या विद्यार्थ्यांत आज यंत्रमाग कामगारांची, विडी वळणाऱ्या मातांची आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले-मुली मोठ्या संख्येने दिसतात. त्यांतील अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी होय.

या पिढीचा मार्ग सुकर व्हावा म्हणून शासनाने अनेक उपाय योजले आहेत. ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना बारावीपर्यंत एस. टी.चा मोफत पास मिळतो. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एस. टी.च्या प्रवासभाड्यात पन्नास टक्के सवलत देण्यात आली. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या घरातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क २०२४-२५ या वर्षापासून पूर्णपणे माफ झाले. प्रवास स्वस्त झाला, शुल्क माफ झाले. तरीही एक खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तो खर्च भीतीचा आहे. एखाद्या मुलीने घरी येऊन एक तक्रार सांगावी आणि दुसऱ्या दिवसापासून तिचे महाविद्यालय बंद व्हावे, हा अनुभव आपल्या समाजाला अपरिचित नाही. सुरक्षिततेच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

मौन का पाळले जाते?

समजा, मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या गावातील एक विद्यार्थिनी रोज फाट्यावर उतरून घरी चालत जाते. एक तरुण आठवडाभर तिच्या मागे येत आहे. तिने हे घरी सांगितले, तर पहिला प्रश्न बहुधा तिलाच विचारला जातो: तुझेच काही चुकले असेल का? दुसरी गोष्ट प्रश्न नसून निर्णय असतो: उद्यापासून जायचे नाही. तिसऱ्या पायरीवर स्थळे पाहणे सुरू होते. त्रास देणारा मात्र त्याच फाट्यावर उभा राहण्यास मोकळा असतो. ही शिक्षा आपल्याच वाट्याला येणार, हे ती विद्यार्थिनी आधीच ओळखून असते. म्हणून ती गप्प राहते. तिचा त्रास वाढत जातो आणि त्रास देणाऱ्याचे धैर्यही वाढत जाते. कारण ती बोलणार नाही, हा हिशेब त्यानेही केलेला असतो.

मुलांची स्थिती याहून फार वेगळी नाही. वसतिगृहात रॅगिंग सहन करणारा विद्यार्थी आपल्याला भित्रा म्हणतील म्हणून गप्प राहतो. भ्रमणध्वनीवरून फसवला गेलेला तरुण वडिलांनी उसनवार करून पाठविलेले पैसे गेले, हे सांगण्यास धजत नाही. प्रत्येक ठिकाणी गुन्हेगाराची खरी ताकद पीडिताच्या मौनात असते. हे मौन मोडण्याची किंमत कमी करणे, हाच गुन्हेप्रतिबंधाचा सर्वांत खात्रीचा मार्ग होय.

महाराष्ट्राचा अनुभव

१९९० साली उल्हासनगर येथे शालान्त परीक्षेच्या केंद्रातच एका विद्यार्थिनीला जाळून मारण्यात आले. त्या घटनेने सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर तीस वर्षांनी, ३ फेब्रुवारी २०२० रोजी, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे महाविद्यालयात शिकविण्यास निघालेल्या एका तरुण अध्यापिकेला भररस्त्यात पेटवून देण्यात आले. आठवड्याभरात तिचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने आरोपीस जन्मठेपेची शिक्षा ठोठावली. हा आरोपी कोणी परका नव्हता. तो तिच्याच गावचा होता.

अशा घटनांतून एक बोध स्पष्टपणे निघतो. अनोळखी माणसापासून सावध राहा, हा उपदेश पुरेसा नाही. पाठलाग, अडवणूक आणि धमकी यांचा धोका अनेकदा ओळखीच्या माणसाकडूनच असतो आणि तो पुष्कळदा हळूहळू वाढत जातो. पहिल्या पायरीवरच दखल घेतली गेली, तर शेवटची पायरी टाळण्याची संधी मिळते.

दुसरे उदाहरण पुण्याचे आहे आणि त्याचा सोलापूर जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. २७ जून २०२३ रोजी सकाळी सदाशिव पेठेत एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीवर तिच्या परिचयाच्या तरुणाने कोयत्याने हल्ला केला. ती जीव वाचविण्यासाठी रस्त्याने धावत होती. बघ्यांची संख्या कमी नव्हती. त्या वेळी सोलापूर जिल्ह्यातून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात आलेल्या लेशपाल जवळगे या तरुणाने पुढे होऊन कोयत्याचा वार अडविला. हर्षद पाटील हा दुसरा तरुणही मदतीस धावला आणि त्या मुलीचे प्राण वाचले. या त्रासाची कल्पना त्या तरुणाच्या घरच्यांना पूर्वीच देण्यात आली होती, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. या घटनेत धैर्याचा आदर्श आहे, तसाच इशाराही आहे. दोन तरुण वेळेवर धावले म्हणून अनर्थ टळला. परंतु कोणाही विद्यार्थिनीचे प्राण योगायोगावर अवलंबून राहू नयेत.

कायद्याने दिलेला आधार

पूर्वी पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा मानला जात नव्हता. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा यांच्या समितीने अहवाल दिला आणि २०१३ साली दंड संहितेत पाठलागाचे स्वतंत्र कलम आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम ७८ मध्ये आहे. एखाद्या स्त्रीने नाराजी स्पष्ट केल्यानंतरही तिचा वारंवार पाठलाग करणे, तिच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न करणे, किंवा इंटरनेटवरील तिच्या व्यवहारावर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. अर्थात, ‘मुलगा मागे फिरतो, त्यात काय मोठेसे’ असे म्हणण्यास आता कायद्यात जागा उरलेली नाही.

फिर्याद कोठे द्यावी, या प्रश्नावर पूर्वी अनेकांची पावले अडत असत. सोलापूर हा कर्नाटकाच्या सीमेवरील जिल्हा. येथील विद्यार्थी कलबुर्गीकडे जातात, तिकडचे येथे येतात. अनेकांचा प्रवास रेल्वेने होतो. गुन्हा कोणत्या हद्दीत घडला, या वादात फिर्यादीने फिरत राहावे, हे कायद्याला मान्य नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. मात्र तीन दिवसांच्या आत तीवर स्वाक्षरी करावी लागते. नोंदविलेल्या माहितीची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद घेण्यास नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठविता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. संकटसमयी ११२ हा क्रमांक आणि रेल्वे प्रवासात १३९ हा क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असला पाहिजे. वकिलाची फी परवडणार नाही, ही अडचणही स्त्रियांच्या बाबतीत उरत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावयाचा असतो.

अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात, ही गोष्ट कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांनी विसरू नये. अशा विद्यार्थ्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास ते पोलिसांना कळविणे २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षण कायद्याने बंधनकारक केले आहे. संस्थेची अब्रू जाईल म्हणून गप्प राहणारा संस्थाप्रमुख स्वतःच शिक्षेस पात्र ठरतो.

भ्रमणध्वनीवरून येणारा चोर

पूर्वी विद्यार्थ्याला पाकीट सांभाळण्याचा सल्ला दिला जाई. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत तो सल्ला आजही लागू आहे. परंतु आता चोराला गर्दीत शिरण्याची गरज राहिलेली नाही. शिष्यवृत्ती जमा करावयाची आहे, घरबसल्या काम मिळेल, तुमच्या नावाचे पार्सल पकडले गेले आहे, अशा बतावण्या करून तो थेट विद्यार्थ्याच्या हातातील यंत्रातून बोलतो. कोणी पोलिसाच्या वेशात चित्रफितीवर येऊन ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे बजावतो. अशी अटक भारतातील कोणत्याही कायद्यात नाही. ज्याला खरोखर अटक करावयाची आहे, तो दूरध्वनीवरून पैसे मागत नाही.

पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. सोलापूरकरांना हा आकडा लक्षात ठेवणे अवघड जाऊ नये. मे १९३० मध्येच या शहरावर मार्शल लॉ लादला गेला होता आणि त्याच लढ्यातील चार हुतात्म्यांनी १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी स्वीकारली. या क्रमांकावर जितक्या लवकर माहिती पोहोचते, तितकी चोराच्या खात्यातील रक्कम गोठविण्याची शक्यता अधिक असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच्या कृत्याने पैसे गेल्यास आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ते कळविल्यास ग्राहकावर तोट्याचा भार पडत नाही. स्वतःच गुप्त क्रमांक सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचा तोटा ग्राहकाचा असतो. म्हणजे दोन्ही प्रसंगी विलंब हाच शत्रू आहे.

छायाचित्रांत फेरफार करून धमकावण्याचे प्रकार मुलींइतकेच मुलांच्याही बाबतीत घडतात. अशा वेळी पैसे देऊ नयेत, कारण एकदा दिलेल्या पैशाने मागणी संपत नाही. आलेले संदेश पुसून टाकू नयेत, कारण तोच पुरावा असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एका विश्वासू वडीलधाऱ्या व्यक्तीला त्याच दिवशी सांगावे.

विद्यार्थी आरोपी होतो तेव्हा

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे व तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. फसवणुकीचे पैसे फिरविण्यासाठी टोळ्यांना बँक खाती लागतात. चार-पाच हजार रुपयांच्या मोहाने विद्यार्थी आपले खाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. आपण काहीच केले नाही, केवळ खाते वापरावयास दिले, अशी त्याची समजूत असते. परंतु तपासात पहिले नाव खातेदाराचे निघते. परराज्यातील पोलीस दारात उभे राहतात, खाते गोठते आणि शासकीय नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत हे प्रकरण आडवे येते. ज्या घराने विड्या वळून मुलाला शिकविले, त्या घराला हा तोटा पेलवणारा नाही. ‘आपले खाते भाड्याने देऊ नये’ हे वाक्य प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक विद्यार्थ्याला समजावून सांगितले पाहिजे.

महाविद्यालयांचे कर्तव्य

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती असणे आवश्यक आहे. घटनेपासून तीन महिन्यांत तिच्याकडे तक्रार करता येते आणि समितीने नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण करावयाची असते. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. परंतु समितीचा फलक प्राचार्यांच्या दालनाबाहेर लावला आणि कर्तव्य संपले, असे होता कामा नये. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे आहेत. समितीची माहिती पालकांना समजेल अशा भाषेत दिली, तर ती खऱ्या अर्थाने पोहोचेल.

रॅगिंगच्या बाबतीत महाराष्ट्राने १९९९ सालीच स्वतंत्र कायदा केला. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करावयाची असते आणि तथ्य आढळल्यास संबंधित विद्यार्थ्यास निलंबित करावयाचे असते. टाळाटाळ करणारा संस्थाप्रमुख गुन्ह्यास साहाय्य करणारा समजला जातो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो व पाच वर्षे अन्य शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही.

याखेरीज एक साधी गोष्ट प्रत्येक महाविद्यालयास करता येण्यासारखी आहे. तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनीच्या पालकांना बोलावताना तिच्याबरोबर एक अध्यापिका असावी आणि तिने पालकांना पहिले वाक्य सांगावे: आपल्या मुलीने योग्य तेच केले आहे. दुसरे वाक्य असावे: तिचे वर्ग उद्याही चालू राहतील. महिनाभर तिची उपस्थिती कोणी एका शिक्षकाने पाहावी. ती येईनाशी झाली, तर चौकशीचा निकाल काहीही लागला तरी गुन्हेगार जिंकला, असे समजावे.

गावाचे कर्तव्य

सुरक्षिततेची साखळी महाविद्यालयाच्या दारापाशी संपत नाही. ती गावाच्या फाट्यापर्यंत जाते. फाट्यावरील आणि तेथून गावापर्यंतच्या वाटेवरील दिवे चालू आहेत काय, बसथांब्याजवळ मद्यपींचा अड्डा आहे काय, महाविद्यालय सुटण्याच्या वेळेला गाडी आहे काय, याची पाहणी ग्रामपंचायत सदस्यांनी स्वतः सायंकाळी चालत जाऊन करावी. गाडीच्या वेळेत बदल हवा असेल, तर ग्रामपंचायतीने तसा ठराव करून आगारप्रमुखांकडे पाठपुरावा करावा. गावातून रोज जाणाऱ्या मुलींची संख्या त्या ठरावात असली, तर मागणीला वजन येते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि बांधावरचे, भाऊबंदकीचे अनेक वाद गावातच मिटले. ही मोहीम स्तुत्य होय. परंतु मुलीची छेड, पाठलाग किंवा अत्याचार हा तंटा नव्हे. तो गुन्हा आहे. दोन्ही घरांना चावडीवर बसवून, मुलाला माफी मागावयास लावून आणि मुलीला घरी बसवून समेट झाल्याचे समाधान मानणे म्हणजे पुढील गुन्ह्याला वाट करून देणे होय. अशा वेळी सरपंचांचे काम एकच: फिर्याद देण्यास निघालेल्या घराच्या पाठीशी उभे राहणे.

पोलीस आणि विश्वास

गुन्हा घडल्यावर कारवाई करणे आणि गुन्हा घडू नये म्हणून खपणे, यांतील फरक सोलापूर जिल्ह्याने पाहिला आहे. २०२१ साली सोलापूर ग्रामीणच्या तत्कालीन पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हा उपक्रम हाती घेतला. मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्यांत हातभट्टीवर वर्षानुवर्षे छापे पडत होते आणि भट्ट्या पुन्हा पेटत होत्या. या उपक्रमात पोलीस अधिकाऱ्यांनी अशी गावे दत्तक घेतली, वारंवार तेथे जाऊन समुपदेशन केले आणि दारूऐवजी अन्य व्यवसाय उभे करण्यास साहाय्य केले. छाप्याच्या जागी नित्याचा संपर्क आला.

हाच धडा महाविद्यालयांनाही लागू पडतो. राज्यातील अनेक शहरांत दामिनी किंवा निर्भया पथके फिरतात. पथकाची गाडी प्रवेशद्वारासमोरून जाणे उपयुक्त आहेच. परंतु ठरलेल्या दिवशी तीच महिला अधिकारी महाविद्यालयात येऊन बसली, मुलींना नावाने ओळखू लागली, तर पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची भीती आपोआप कमी होईल. पहिली तक्रार ऐकून घेताना वापरलेला शब्द पुढच्या दहा तक्रारी येतील की नाही, हे ठरवीत असतो.

विद्यार्थ्यांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. कोठे जात आहोत आणि केव्हा परतणार, हे कोणास तरी सांगून निघावे. नवीन गावी खोली घेताना घरमालकाची चौकशी करावी. मैत्रिणीच्या मागे कोणी येत असेल, तर तिला एकटीने चालू देऊ नये. आपलाच मित्र कोणाला त्रास देत असेल, तर त्याला थांबविणे ही मैत्रीची पहिली कसोटी होय.

अखेरीस, या साऱ्या उपायांचे यश मोजण्याचे एक माप आहे. किती कॅमेरे बसविले, किती फलक लावले, किती मेळावे घेतले, यांच्या नोंदी ठेवल्या जातील व त्या ठेवाव्यातही. परंतु प्रत्येक प्राचार्याने, ठाणे अंमलदाराने आणि सरपंचाने वर्षाअखेर आणखी एक नोंद करावी: या वर्षी ज्या मुलामुलींनी तक्रार केली, त्यांपैकी किती जण आजही शिकत आहेत? या प्रश्नाचे उत्तर ‘सर्वच्या सर्व’ असे येईल, त्या दिवशी सोलापूरकडे येणाऱ्या सकाळच्या एस. टी.तील प्रत्येक मुलीला कळेल की बोलण्यात धोका नाही. आणि ती बोलू लागली, की तिच्या मागे येणाऱ्याला थांबावेच लागेल.